रात्रीचा पाऊस कोणत्या तारखेचा? वरुड तालुक्यातल्या एका घरगुती हवामान केंद्राच्या सॉफ्टवेअर-बदलाचं प्रकरण

संत्र्याच्या बगीच्यात उभं असलेलं एक घरगुती हवामान केंद्र जुन्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून काढून नव्या सॉफ्टवेअरला जोडायचं, काम एवढंच होतं. ते सविस्तर लिहून ठेवतोय ते एका कारणासाठी. जुना डेटा नव्या जागी गेला, वर्षाचा पाऊस जुळला, महिन्यांचा पाऊस जुळला आणि तरीही अतिवृष्टीच्या दिवसांची यादी चुकीची निघाली. एकही आकडा हरवला नव्हता, एकही आकडा बदलला नव्हता. असं प्रकरण हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकतं, आणि बहुतेकांना ते कळतही नाही, कारण बेरीज जुळली की माणूस निर्धास्त होतो.

केंद्र आणि घर

ठिकाण अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका, सातपुड्याच्या पायथ्याकडचं गाव. घर एका निवृत्त शिक्षकांचं. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही तेच म्हणतो. आंबिया बहाराचा संत्र्याचा बगीचा आणि बाजूला कपाशी-तुरीचं वावर. शिक्षकी पेशात असल्यापासून त्यांना पावसाची वही ठेवायची सवय. अंगणात जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंचीवर तोंड येईल असा साधा पर्जन्यमापक बसवलेला आहे. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीप्रमाणे रोज सकाळी ८:३० ला त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं. गुरुजींचे गुडघे दुखायला लागल्यापासून हे काम त्यांच्या सूनबाई करतात, आणि त्यांच्या हातची वही मी पाहिलेल्या कोणत्याही कार्यालयीन नोंदवहीपेक्षा नेटकी आहे.

पुढे बगीच्यात डेव्हिस कंपनीचं व्हॅन्टेज व्ह्यू केंद्र आलं. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजणारे सगळे सेन्सर एकाच खांबावर. ते दर अडीच सेकंदांनी घरातल्या कन्सोलला, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या पडद्याच्या पेटीला, बिनतारी माहिती पाठवतात. हवेचा दाब कन्सोलच मोजतो. कन्सोलच्या मागे यूएसबीचा डेटा लॉगर आहे आणि त्यात २५६० नोंदी मावतात. लॉगरची तार लॅपटॉपला आणि लॅपटॉपवर क्युम्युलस हे नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, असा हा संसार दहा-बारा वर्षं चालला.

क्युम्युलसबद्दल मला आदर आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर राहणाऱ्या स्टीव्ह लॉफ्ट यांनी ते लिहिलं आणि जगभरातल्या हौशी लोकांना फुकट दिलं. गुरुजींच्या लॅपटॉपवर त्याची पहिली, फक्त विंडोजवर चालणारी आवृत्ती होती. विंडोज ७ ला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या होत्या. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून आवाज येत होता आणि आतला घड्याळाचा सेल केव्हाच संपला होता. लाईन गेली, बॅटरी उतरली की लॅपटॉप भलत्याच तारखेला जागा व्हायचा. बदल करणं भागच होतं.

कुठे जायचं

सोपी वाट क्युम्युलस एमएक्सची होती. ती त्याच घराण्यातली पुढची आवृत्ती. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालते, सध्या मार्क क्रॉसली सांभाळतात, आणि जुन्या क्युम्युलसच्या फायली जवळपास तशाच वाचते. कोणाला फक्त यंत्र बदलायचं असेल आणि डेटाची उलथापालथ नको असेल, तर मी आजही एमएक्सच सुचवीन.

इथे आम्ही रास्पबेरी पायच घेतलं, पण त्यावर चालवायला वीवेक्स हे सॉफ्टवेअर निवडलं. ते पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं, मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचा मोठा गुण असा की प्रत्येक नोंद एका साध्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, म्हणजे एकाच फाईलमध्ये, जाते. उद्या वीवेक्स बंद पडलं तरी ती फाईल कोणत्याही संगणकावर उघडता येते आणि तिला हवा तो प्रश्न विचारता येतो. दुसरं कारण ८:३० चं. क्युम्युलसमध्ये दिवस मध्यरात्री बदलायचा की सकाळी ९ ला, एवढाच पर्याय आहे. गुरुजींच्या वहीचा दिवस ८:३० ला बदलतो. स्वतःचा दिवस स्वतः आखता येईल असा डेटाबेस हाताशी असावा, हे आधीच ठरलं होतं. तो दिवस न आखल्यास किती बिघडतं, हे मात्र पुढे कळलं.

एका लॉगरशी एकच सॉफ्टवेअर बोलतं

जुनं आणि नवं सॉफ्टवेअर महिनाभर शेजारी चालवून पाहावं आणि मगच जुनं बंद करावं, असा सल्ला सगळे देतात. इथे ते जमत नाही. यूएसबी लॉगरशी एका वेळी एकच सॉफ्टवेअर बोलू शकतं. पण लॉगरची स्मृती ही अडचण सोडवते.

लॉगरमध्ये दर ३० मिनिटांनी एक नोंद पडत होती. २५६० नोंदी म्हणजे ५३ दिवस. क्युम्युलस थांबवून वीवेक्सला रिकाम्या डेटाबेससह लॉगरला जोडलं, तर ते हे सगळे दिवस स्वतःहून उतरवून घेतं. तेच दिवस क्युम्युलसच्या फायलींतही आहेत. म्हणजे दोन सॉफ्टवेअरांनी एकाच केंद्राचे तेच दिवस कसे लिहिले, हे समोरासमोर ठेवून तपासता येतं. आम्ही हा तपासणीचा डेटाबेस वेगळाच ठेवला, खऱ्या डेटाबेसमध्ये मिसळला नाही.

यात एक धोका आहे. लॉगरच्या नोंदींमधलं अंतर बदललं की त्याची सगळी स्मृती पुसली जाते. नवं सॉफ्टवेअर बसवताना उत्साहात पहिलं काम हेच होतं: ‘३० मिनिटं फार झाली, ५ करू या.’ त्या क्षणी पूल तुटतो. म्हणून आधी उतरवून घ्यायचं, जुळवायचं, त्याची प्रत काढायची, आणि मग अंतराला हात लावायचा.

शेवटी अंतर १० मिनिटांचं ठेवलं. बहुतेक हौशी मंडळी ५ ठेवतात. ५ ठेवलं तर लॉगरमध्ये जेमतेम नऊ दिवस मावतात, १० ठेवलं तर सतरा दिवसांपेक्षा जास्त. पावसाळ्यात रास्पबेरी पाय बिघडलं, त्याचं कार्ड खराब झालं, आणि नवं कार्ड वरुडहून किंवा अमरावतीहून आणून बसवायला आठवडा-दीड आठवडा गेला, तरी काही हरवू नये हा हिशेब होता. शिवाय क्युम्युलसच्या फायलींतही १० मिनिटांनीच ओळ पडत होती, त्यामुळे जुन्या-नव्याचं पाऊल एकच राहिलं.

घड्याळ

गावातल्या केंद्राला सगळ्यात मोठा धोका वेळेचा असतो, हे शहरातल्या लेखांत वाचायला मिळत नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये स्वतःचं, बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. सुरू झाल्यावर ते इंटरनेटवरून वेळ घेतं. आमच्याकडे लाईन जाते तेव्हा थोड्या वेळानं मोबाईलचा टॉवरही जातो. लाईन परत येते, पाय सुरू होतं, नेट अजून आलेलं नसतं. अशा वेळी पाय आपली शेवटची माहीत असलेली वेळ धरून पुढे मोजायला लागतं, म्हणजे काही तास मागे.

त्यातच वीवेक्सला ठरावीक काळानं कन्सोलचं घड्याळ तपासून संगणकाप्रमाणे लावायची सोय आहे. एरवी ती चांगली. पण संगणकाचीच वेळ चुकलेली असेल, तर बॅटरीवर बिनचूक चाललेल्या कन्सोलचं घड्याळ मागे जाईल आणि लॉगरमधल्या नोंदींच्या वेळा बिघडतील. म्हणून तीन गोष्टी केल्या. पायला डीएस३२३१ या चिपचं छोटं घड्याळ सेलसकट जोडलं. वेळ जुळल्याशिवाय वीवेक्स सुरूच होणार नाही अशी सूचना प्रणालीत घातली. आणि कन्सोलचं घड्याळ आपोआप लावण्याची सोय बंद केली. कन्सोलची वेळ आता सूनबाई महिन्यातून एकदा मोबाईलशी पडताळतात.

कन्सोल साध्या सेलवरही चालतो, त्यामुळे लाईन नसताना नोंदी थांबत नाहीत. पाय पुन्हा सुरू झालं की वीवेक्स लॉगरमधून राहिलेलं उचलून घेतं. पाय इन्व्हर्टरवर आहे, डेटाबेस एसडी कार्डाऐवजी छोट्या एसएसडीवर आहे आणि रोज रात्री त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर जाते. विजेच्या झटक्यानं कार्डावरची फाईल खराब होणं हे नेहमीचं दुखणं आहे, त्यावर इतका उपाय पुरतो.

जुना डेटा आणताना

क्युम्युलस दर महिन्याची एक मजकूर-फाईल ठेवतं: तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, दाब, सगळं स्वल्पविरामांनी वेगळं केलेलं. वीवेक्समध्ये या फायली आयात करायचं साधन तयारच मिळतं आणि काहीही न लिहिता नुसती तालीम करायची सोयही त्यात आहे. तालमीशिवाय कोणीही खरी आयात करू नये.

तालमीतच पहिला अडथळा दिसला. मधल्या काळात कोणीतरी लॅपटॉप फॉरमॅट केला होता. त्याआधीच्या फायलींत तारखेत तिरकी रेघ होती आणि नंतरच्या फायलींत आडवी, कारण विंडोजची प्रदेश-निवड बदलली होती. आयातीच्या सूचनेत तारखेचं चिन्ह एकच सांगता येतं, म्हणून फायली दोन गटांत पाडून दोनदा आयात केल्या. लॅपटॉप भलत्या तारखेला जागा झाला त्या वेळच्या ओळी हातानं शोधून वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्या. त्या टाकून दिल्या नाहीत.

एककांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वीवेक्सच्या डेटाबेसमध्ये आकडे तीनपैकी एका पद्धतीत राहतात आणि प्रत्येक नोंदीबरोबर त्या पद्धतीचा क्रमांक जातो. क्रमांक १ ची अमेरिकी पद्धत, पाऊस इंचांत. १६ ची मेट्रिक, आणि तिच्यात पाऊस मिलिमीटरमध्ये नसून सेंटिमीटरमध्ये. १७ ची दुसरी मेट्रिक, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि वारा मीटर प्रति सेकंदात. ‘मेट्रिक’ हे नाव पाहून १६ निवडणारा माणूस नंतर डेटाबेस थेट उघडतो आणि ७० मिमीच्या जागी ७ पाहून हादरतो. आम्ही १७ घेतली. हा निर्णय पहिल्या नोंदीच्या आधी व्हायला हवा, कारण नंतर डेटाबेसची पद्धत बदलायची तर सगळाच नव्यानं बांधावा लागतो.

पावसाच्या सेन्सरचं एककही तपासलं. केंद्राच्या पर्जन्यमापकात एक छोटी वाटी भरली की झुकून रिकामी होते; तिची एक झुकणी ०.२ मिमीची की ०.०१ इंचाची, हे डेव्हिसच्या कन्सोलवर निवडावं लागतं. ०.०१ इंच म्हणजे ०.२५४ मिमी. ०.२ मिमीच्या मापकाला चुकून ०.०१ इंच निवडलं तर पाऊस शेकडा २७ नं फुगतो. मापकाच्या तोंडाचा व्यास मोजून, क्षेत्रफळ काढून, मोजलेलं पाणी थेंब-थेंब सोडून कन्सोलवरचा आकडा पाहिला की शंका उरत नाही. इथे निवड बरोबर होती.

मग खरी आयात झाली. वर्षांचे एकूण पाऊस जुळले, महिन्यांचेही जवळपास जुळले. गुरुजी खूश. मीही.

सूनबाईंनी काढलेली चूक

गुरुजींनी सहज म्हणून अतिवृष्टीचे दिवस काढायला सांगितले. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. हवामान विभागाच्या वर्गवारीतही ६४.५ मिमीपासून ‘जोरदार’ पाऊस सुरू होतो, त्याखाली १५.६ ते ६४.४ हा ‘मध्यम’. वीवेक्सच्या रोजच्या सारांशातून यादी काढली, छापली. सूनबाई वही घेऊन शेजारी बसल्या आणि थोड्याच वेळात म्हणाल्या, “भाऊ, बेरीज तं बराबर हाय. पण हा रातचा पाऊस कुठी गेला?”

त्यांनी बोट ठेवलेली नोंद जुलैमधली होती. वहीत १८ तारखेला ७८ मिमी. नव्या यादीत ती रात्र नव्हतीच. वीवेक्समध्ये १७ तारखेला ४०.६ मिमी आणि १८ ला ३५.८ मिमी. दोन्ही ‘मध्यम’. जुन्या क्युम्युलसच्या दैनिक फाईलमध्ये पाहिलं तर ७६.४ मिमी, पण तारीख १७.

एकच पाऊस, तीन नोंदी. प्रत्येक नोंद आपापल्या नियमानं खरी.

पाऊस १७ च्या रात्री सुरू झाला आणि १८ च्या पहाटे थांबला. वीवेक्सचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून पाऊस बाराच्या ठोक्याला दुभंगला. क्युम्युलसमध्ये दिवस ९ ते ९ असा ठेवलेला होता, म्हणून पाऊस एकसंध राहिला, पण तारीख दिवस सुरू झाला त्याची पडली. ही ब्रिटिश पद्धत आहे. तिकडे सकाळी नऊला मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या नावावर टाकतात. आपला हवामान विभाग ८:३० पर्यंतचा २४ तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या तारखेला लिहितो, आणि सूनबाई तेच करतात. म्हणून वहीत १८.

म्हणजे गेली इतकी वर्षं वही आणि क्युम्युलस एका दिवसानं मागे-पुढे चालले होते. वही अंगणातली आणि क्युम्युलस लॅपटॉपमधलं. दोन्ही शेजारी ठेवून ओळ-ओळ पाहण्याची वेळच आली नव्हती. नव्या सॉफ्टवेअरनं पाऊस दुभंगला नसता, तर आजही आली नसती.

हा प्रश्न पुस्तकी नाही. वरुड-मोर्शीकडचा पावसाळी पाऊस संध्याकाळी ढग धरून रात्री कोसळताना आम्ही दर वर्षी पाहतो. मध्यरात्रीची रेघ नेमकी त्याच पावसाच्या पोटातून जाते. संत्र्याला डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) आणि बुरशीची फळगळ लागते ती मुळाशी पाणी तुंबल्यानं. एका रात्रीत ७६ मिमी झाला की चर मोकळे करायचे, बुंध्याला बोर्डो मलम लागलेलं आहे का पाहायचं, हे गुरुजींचं ठरलेलं. चाळीस आणि छत्तीस असे दोन आकडे दोन दिवसांवर पाहणारा माणूस निवांत बसेल. आणखी एक. नुकसानीच्या पंचनाम्याला आकडा मंडळातल्या अधिकृत केंद्राचा धरतात. घरच्या केंद्राचा तिथे उपयोग नाही. पण मंडळात अमुक पाऊस नोंदला आणि आमच्या बगीच्यात तमुक झाला, असं बोलायचं असेल तर दोन्हींचा दिवस एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी संपला पाहिजे. नाहीतर ती तुलनाच नव्हे.

दुरुस्ती

इथे वीवेक्स निवडल्याचं चीज झालं. त्याचा रोजचा सारांश मध्यरात्रीचाच राहतो, तो मोडायचा नाही. पण मूळ १० मिनिटांच्या नोंदी डेटाबेसमध्ये जशाच्या तशा आहेत आणि प्रत्येकीवर १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, जागतिक वेळेप्रमाणे, लिहिलेले आहेत. भारतीय ८:३० म्हणजे जागतिक ३:००. घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे करण्याची भानगड आपल्याकडे नाही, त्यामुळे हे गणित बाराही महिने एकच राहतं.

नोंदीवरची वेळ ही त्या दहा मिनिटांच्या शेवटाची असते, हे लक्षात ठेवावं लागतं. ८:३० ची नोंद ८:२० ते ८:३० चा पाऊस सांगते, म्हणून ती आजच्या दिवसातच पडायला हवी; ८:४० ची उद्याच्या. यासाठी प्रत्येक वेळेतून तीन तास आणि वर एक सेकंद, म्हणजे १०८०१ सेकंद वजा करायचे, एक दिवस मिळवायचा आणि जागतिक वेळेनं जी तारीख येईल त्या तारखेखाली पाऊस जमा करायचा. तो एक जादा सेकंद विसरला तर ८:३० ची नोंद रोज पुढच्या दिवसात घसरते. कोसळत्या सकाळी दहा मिनिटांत पाच-सात मिमी सहज पडतो, तेव्हा हा फरक ६५ च्या रेषेवर निर्णायक ठरू शकतो. लॉगरचं अंतर ६० मिनिटं ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्यांच्या नोंदींत ८:३० ला काठच नसतो. ५, १० किंवा ३० मिनिटांत तो असतो.

जुन्या वर्षांनाही हेच लावलं. क्युम्युलसच्या दैनिक फाईलमधले तयार आकडे घेतले असते तर ९ ते ९ चा दिवस कायमचा गळ्यात पडला असता. महिन्याच्या फायलींत पावसाची वाढती मोजणी होती. आयात करताना लागोपाठच्या दोन ओळींतला फरक काढून दर दहा मिनिटांचा पाऊस मिळाला आणि तो हव्या त्या वेळी कापता आला. मिळालेली यादी वहीशी तारखेला तारीख जुळली. १८ जुलैला ७६.४ मिमी आला. वहीतल्या ७८ पेक्षा शेकडा दोन कमी. झुकणाऱ्या वाटीचा मापक मुसळधारेत थोडं पाणी निसटू देतो, त्यामुळे एवढा फरक अपेक्षितच. तो गुणाकार करून लपवायचा विचार आम्ही केला नाही.

शून्य आणि रिकामं

दुसरा प्रश्नही वहीमुळेच सुटला. लॅपटॉप आजारी असलेल्या काळात क्युम्युलसच्या काही दिवसांत पाऊस शून्य दिसत होता. वहीत त्याच दिवसांना पाऊस होता. केंद्र बंद असणं आणि पाऊस नसणं या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसल्या होत्या. ऑगस्ट २०२३ सारखा महिना घ्या. १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट तो. अशा महिन्यात पावसाचा खंड किती दिवसांचा, हे मोजताना एक खोटा शून्य खंड लांबवतो आणि एक खरा शून्य गाळला तर खंड तुटतो.

म्हणून नव्या अहवालात ज्या दिवशी अपेक्षित १४४ नोंदींपैकी बऱ्याच नाहीत, तिथे पाऊस शून्य न दाखवता रिकामी चौकट येते. तिच्या शेजारच्या रकान्यात वहीतला आकडा असतो. दोन्ही रकाने वेगळे राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. मी वहीचा आकडा थेट डेटाबेसमध्ये भरू का असं विचारलं, तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, “जे जसं मोजलं, थे तसंच राहू द्या.” ते बरोबर होतं.

तापमानाची वरची रेघ

वीवेक्समध्ये अशक्य वाटणारे आकडे गाळणारी चाळणी असते. बाहेरच्या तापमानाची तिची तयार मर्यादा १२० फॅरनहाइट, म्हणजे ४८.९ सेल्सिअस. थंड देशांत ती सैल वाटेल. नागपूरचा २३ मे २०१३ चा विक्रम ४७.९ आहे. म्हणजे नागपूरच्या खऱ्या तापमानात आणि या मर्यादेत जेमतेम एका अंशाची जागा उरते, आणि मर्यादा ओलांडली की तापमानाची जागा रिकामी होते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, ती बातमी देशभर गेली आणि नंतर हवामान विभागानं तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. चाळणी हवीच. पण तिनं खरा उन्हाळा गाळू नये. आम्ही मर्यादा ५१ अंश ठेवली आणि ४७ च्या वर आकडा गेला की तो दिवस हातानं तपासायच्या यादीत जातो: सेन्सरच्या झडपांवर धूळ आहे का, जवळ कडब्याची गंजी किंवा टिनाचं छप्पर आलंय का, हे पाहण्यासाठी.

दाबाचं काम थोडक्यात आटोपलं. समुद्रसपाटीला आणलेल्या दाबात जुन्या आणि नव्या नोंदींमध्ये पायरी दिसते का पाहिलं. कन्सोलमध्ये भरलेली उंची दोन्हीकडे एकच होती, पायरी नव्हती.

आज काय स्थिती आहे

केंद्र नव्या सॉफ्टवेअरवर एक पूर्ण पावसाळा काढून बसलं आहे. घरातल्या पडद्यावर आता दोन पाऊस दिसतात: ‘मध्यरात्रीपासून’ आणि ‘८:३० पर्यंतचे २४ तास’. दोन्हींना नाव आहे, नुसतं ‘आजचा पाऊस’ असं कुठेही लिहिलेलं नाही. डेटाबेसच्या बाजूला मराठीतली एक साधी मजकूर-फाईल ठेवली आहे. तिच्यात दिवस कुठे बदलतो, एकक कोणतं, लॉगरचं अंतर कधी बदललं, कोणत्या तारखांना लॅपटॉपची वेळ चुकली होती आणि वेगळ्या काढलेल्या ओळी कुठे आहेत, हे लिहिलं आहे. पुढचं सॉफ्टवेअर जो कोणी बसवेल, त्यानं आधी ती फाईल वाचावी.

जुन्या क्युम्युलसच्या फायली तशाच्या तशा, दोन पेन ड्राइव्हवर, एक घरी आणि एक माझ्याकडे, जपून ठेवल्या आहेत. वेगळ्या काढलेल्या ओळींपैकी काहींची खरी तारीख वहीतल्या पावसावरून ठरवता येईल असं सूनबाईंना वाटतं, कारण त्या ओळींत पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ आहे आणि वहीत त्यांनी बऱ्याच ठिकाणी ‘पहाटे लागला’, ‘दुपारी उघडला’ असं समासात लिहिलेलं आहे. ते काम त्यांनी हाती घेतलं आहे.